उभं राहून मोजलेलं प्रेशर

कंपवात म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हात. बशीतला चहा हिंदकळतो, सही बारीक होत जाते, पावलं आखूड पडतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये या आजारावर निबंध लिहिला, तेव्हा त्याचंही लक्ष थरथरीवर आणि चालीवरच होतं. हृदयाकडे वैद्यकाची नजर वळली ती फार उशिरा.

मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी या आजारात मरतात. त्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाचे पुंजके सापडतात. तेच पुंजके हृदयाला चेतवणाऱ्या सिम्पथेटिक मज्जातंतूंतही साचतात. अमेरिकेतल्या डेव्हिड गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये पेट स्कॅनच्या आधारे दाखवलं, की अनेक रुग्णांच्या हृदयातले हे तंतू नाहीसेच झालेले असतात. म्हणजे पंप शाबूत, पण त्याला जोर कधी वाढवायचा हे सांगणारी वायर तुटलेली.

आपण उठून उभे राहतो तेव्हा अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. निरोगी शरीरात लगेच नॉरॲड्रेनलिन सुटतं, रक्तवाहिन्या आवळतात, ठोके वाढतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. कंपवाताच्या बऱ्याच रुग्णांत हे घडत नाही. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं प्रेशर २० ने किंवा खालचं १० ने उतरलं, तर ती धोक्याची खूण.

आता रत्नागिरीकडचं घर डोळ्यांसमोर आणा. ओटीवरून खळ्यात उतरायला जांभ्याच्या पायऱ्या, पोरं मुंबईला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. चाकरमान्यांचा हिशेब त्या आकड्यात आहे. घरी उरतात दोघं म्हातारी, नाहीतर एकटी आजी. पहाटे न्हाणीकडे जाताना घेरी येते, खुब्याचं हाड मोडतं, अंथरूण धरलं जातं, मग न्यूमोनिया. कुणी पहाटे अंथरुणातच गेलेलं आढळलं, तर वाडीत एकच शब्द फिरतो: अटॅक. ईसीजी नाही, शवविच्छेदन नाही.

कधी तो खरोखरच अटॅक असतो. कंपवात झाला म्हणून मधुमेह आणि तुंबलेल्या रक्तवाहिन्या कुणाला सोडत नाहीत. उलट धाप, घाम, गळाठा ही सगळी लक्षणं सरसकट कंपवाताच्या खात्यावर मांडली जातात आणि हृदयाची तपासणी राहून जाते.

मला सर्वांत खटकतं ते प्रेशर मोजणं. बहुतेक ठिकाणी पेशंटला खुर्चीत बसवून पट्टा बांधतात आणि झालं. पाच मिनिटं आडवं करून, मग उभं करून मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. त्यात प्रेशरची जुनी गोळी वर्षानुवर्षं चालूच असते, प्रोस्टेटची गोळी तिच्या जोडीला येते आणि कंपवाताचं मुख्य औषध लेवोडोपाही प्रेशर उतरवतं. मळमळीवर दिलं जाणारं डॉम्पेरिडोन काहींच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, म्हणून वयस्कांत आधी ईसीजी काढलेला बरा.

भरपूर पाणी, मीठ घातलेली पेज यांनी उभ्याचं प्रेशर सावरतं. पण याच रुग्णांचं प्रेशर आडवं झाल्यावर कधी कधी भलतंच चढतं, आणि हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर मीठ महागात पडतं. त्यामुळे मिठाचं डॉक्टरांना विचारूनच. खाटेची उशाकडची बाजू मात्र विटा लावून उंच केली, तर रात्रीचं प्रेशर आटोक्यात राहायला मदत होते.

आणि खाजकुयली. आपल्याकडे रानात, कुंपणावर चढणाऱ्या या वेलीच्या बियांतून दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच लेवोडोपा वेगळं काढलं होतं. तेव्हा ते कंपवातावर चालेल याची कुणाला कल्पना नव्हती. आज गोळ्या चालू असताना वर तिचं चूर्ण घेणारे भेटतात, आणि डॉक्टरांना ते सांगत नाहीत. पुडीतल्या चमच्यात लेवोडोपा किती, हे ठाऊक नसतं. दर पुडीला ते बदलतं. प्रेशर अचानक का कोसळलं याचं उत्तर मग डॉक्टर गोळ्यांच्या चिठ्ठीत शोधत बसतात.