बँकेतील उन्हाळी प्रशिक्षण : विद्यार्थ्याच्या अनुभवाचे स्वरूप

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचे बँकेतील उन्हाळी प्रशिक्षण बहुधा काउंटरच्या अलीकडेच पार पडते. खातेदारांच्या माहितीची गोपनीयता बँकेवर बंधनकारक असल्याने संगणकप्रणालीचा पासवर्ड त्यास मिळत नाही; मिळूही नये. वाट्यास येते ते ग्राहकांचे अर्ज भरून देणे. या कामास दुय्यम लेखण्याची प्रथा आहे, ती योग्य नव्हे. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने व्यवहार न केल्यास बचत खाते निष्क्रिय ठरते, हे त्याने पाठ केलेले असते. परंतु असे खाते पुन्हा सुरू करण्यास आलेल्या वृद्धेच्या पासबुकावर माहेरचे नाव व आधार कार्डावर सासरचे आढळते, तेव्हा 'केवायसी' म्हणजे काय ते त्यास प्रथम उमगते. त्यासाठी शुल्क आकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2024 पासून लागू असलेला निर्देश आहे. दहा वर्षांनंतर अशी रक्कम 2014 मध्ये स्थापन झालेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. तिचा हक्क मात्र बुडत नाही. हे तिला समजावून सांगताना विद्यार्थ्याचा खरा अभ्यास होतो. महाविद्यालयात सादर होणाऱ्या अहवालात मात्र बँकेचा इतिहास आणि अधिकाऱ्यांच्या श्रेणींचा तक्ताच असतो, आणि गुणही त्यावरच दिले जातात.