डिस्प्ले गेला म्हणजे नेमके काय गेले?

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, त्या आळेफाट्याच्या परिसरात लॅपटॉप ही आता केवळ नोकरदारांची वस्तू राहिलेली नाही. कांद्याच्या आडतीवरील हिशेब, सेवा केंद्रांतून भरले जाणारे पीकविम्याचे अर्ज आणि कुरण, बेल्हे, ओतूर येथील महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींचे प्रकल्प त्यावरच होतात. असा लॅपटॉप एखाद्या सकाळी सुरू केला, पंखा फिरला, बटणाचा दिवाही लागला, पण पडदा काळाच राहिला, की ‘डिस्प्ले गेला’ असे निदान लगोलग होते आणि नवे पॅनेल बसवण्यासाठी सुमारे ९० किलोमीटरवरचे पुणे गाठण्याची तयारी सुरू होते. वास्तविक काळा पडदा हे रॅमच्या बिघाडाचेही लक्षण असू शकते. लॅपटॉपला वीज मिळताच बायोस नावाची मूळ प्रणाली आधी रॅम शोधते व तपासते. ती सापडली नाही तर चित्र तयार करण्याचे कामच पुढे सरकत नाही आणि निर्दोष पडदाही काळा राहतो.

म्हणून पहिला प्रश्न पडद्यापर्यंत चित्र पोहोचते की नाही, हा असतो. एलसीडी पडद्यातील द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत, तर मागून येणारा प्रकाश कोठे अडवायचा आणि कोठे सोडायचा एवढेच ठरवतात. हा मागचा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट, जुन्या लॅपटॉपमध्ये बारीक नळीतून येत असे, आता तो एलईडींच्या पट्टीतून येतो. खोलीत अंधार करून काळ्या पडद्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरला आणि चिन्हे किंवा अक्षरे पुसटशी दिसली, तर चित्र येत असून फक्त बॅकलाइट बंद आहे, असे समजावे. काहीच दिसले नाही, तर एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरातील टीव्हीला जोडावा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आले, तर दोष पॅनेलमध्ये किंवा त्याकडे जाणाऱ्या केबलमध्ये असतो. लॅपटॉपच्या पडद्यावर रेघा येत असतील आणि टीव्हीवरही तशाच दिसल्या, तर संशय चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स भागाकडे, क्वचित रॅमकडे वळतो. पॅनेलकडे जाणारी केबल बिजागरीतून जात असल्याने झाकणाची शेकडो वेळा उघडझाप झाल्यावर ती आतून झिजते, आणि झाकण एका विशिष्ट कोनात धरले तरच चित्र स्थिर राहते. अशा वेळी पॅनेल बदलणे हा निव्वळ वाया जाणारा खर्च आहे, कारण केबल त्याच्या तुलनेत बरीच स्वस्त असते.

टीव्हीही काळाच राहिला, तर लक्ष रॅमकडे द्यावे. रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती. १९६६ मध्ये आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलेल्या रचनेनुसार तिच्यात प्रत्येक बिट एका सूक्ष्म धारित्रातील विद्युतभाराच्या रूपात साठवला जातो. हा भार सतत गळत असल्याने साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो, आणि म्हणूनच वीज गेली की रॅममधील सारे पुसले जाते. आडतीच्या गाळ्यात उडणारी कांद्याची साले आणि धूळ, शिवाय पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे रॅमच्या सोनेरी टोकांवर मळाचा थर बसतो व संपर्क तुटक होतो. व्होल्टेज कमीजास्त झाल्यामुळेच रॅम गेली, असे सर्रास म्हटले जाते, पण बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा पुरवठा चालवून घेतात आणि मध्ये बॅटरीही असते. खरा धोका वळवाच्या पावसात जवळपास पडणाऱ्या विजेचा.

सफाईपूर्वी चार्जर काढून, बॅटरी निघत असल्यास तीही काढून, चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. कधी कधी एवढ्यानेच लॅपटॉप सुरू होतो. नाही झाला, तर मागचे झाकण उघडून, आतल्या बॅटरीची जोडणी सोडवून आणि अंगातील स्थिर वीज जाण्यासाठी जमिनीला जोडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावून रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ढकलाव्यात, म्हणजे पट्टी आपोआप तिरकी वर येते. टोके खोडरबराने घासण्याची रीत दुकानोदुकानी आहे व ती बहुधा कामी येते. तथापि सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असल्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले मऊ कापड अधिक बरे. पट्टी तिरकीच खाचेत घालून खाली दाबावी आणि चिमट्या ‘टक्’ असा आवाज करून बसल्या पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहिल्याने सदोष पट्टी उघडी पडते.

लॅपटॉप सुरू होतो, पण मध्येच निळा पडदा येऊन बंद पडतो, तेव्हा विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक ही चाचणी रात्रभर चालू ठेवावी. केवळ हँग होत असेल, तर मात्र प्रकरण वेगळे, कारण रॅम बिघडलेली नसून अपुरी पडत असू शकते. त्यावर ‘फॉरमॅट मारून’ आणण्याचा रिवाज आहे, परंतु फोटो आणि फाइली हार्ड डिस्कवर असतात, रॅममध्ये नव्हे. त्या पुसल्याने ४ जीबीची रॅम ८ जीबी होत नाही. टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा आकडा सतत ९० टक्क्यांच्या वर दिसला, तरच रॅम वाढवण्यात अर्थ आहे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पिढ्यांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असल्याने दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन पक्की केलेली असते व पुढे वाढवता येत नाही, त्यामुळे तिचा आकडा खरेदीच्या दिवशीच विचारून घ्यावा लागतो.