अल्पसंख्याक समाजातील अर्भकमृत्यू व जनजागृती : अमेरिकेतील अनुभव

दर १००० जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांची संख्या म्हणजे अर्भकमृत्यूदर होय. अमेरिकेत २०२२ मध्ये हा दर श्वेतवर्णीयांत सुमारे ४.५, तर कृष्णवर्णीयांत सुमारे १०.९ होता. दारिद्र्य हे एकमेव कारण मानता येत नाही. उच्चशिक्षित कृष्णवर्णीय मातांच्या बाबतीतही ही तफावत टिकून राहते. डेव्हिड व कॉलिन्स यांच्या १९९७ मधील इलिनॉय राज्यविषयक अभ्यासात आफ्रिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बालकांचे जन्मवजन अमेरिकेत जन्मलेल्या श्वेतवर्णीय मातांच्या बालकांच्या अधिक जवळ आढळले. आनुवंशिकतेचा युक्तिवाद येथेच लंगडा पडतो.

बाळाला उताणे निजविण्याचा प्रचार १९९४ मध्ये सुरू झाल्यानंतर झोपेतील आकस्मिक मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. मात्र कृष्णवर्णीय कुटुंबांत या सवयीचा स्वीकार तुलनेने कमी झाला. संदेश तोच असला तरी तो कोण सांगतो, यास महत्त्व असते. अल्पसंख्याक आरोग्य विभागाच्या २००७ मधील मोहिमेत पुढे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाच प्रशिक्षित करून गर्भधारणापूर्व आरोग्याची माहिती समवयस्कांपर्यंत पोहोचविण्यात आली, ती याच जाणिवेतून. प्राध्यापकांनी या प्रयोगाची विशेष दखल घ्यावयास हवी. अर्थात, जागृत झालेल्या मातेची तक्रार रुग्णालयात गांभीर्याने ऐकली जात नसेल, तर प्रबोधनाचा सारा भार तिच्याच माथी मारल्यासारखे होते.