महागडा रंग कापडच पितंय? आधी जेसोचं अस्तर द्या

सोलापूर : रंगाच्या चार ट्यूब घ्यायच्या म्हटलं तरी खिसा हलका होतो. तोच रंग कोऱ्या कापडावर लावला, की अर्धा कापडच पिऊन टाकतं आणि चित्र फिकं दिसतं. ऑइल कलरचं तर त्याहून वाईट. त्यातलं तेल धाग्यात मुरतं आणि काही वर्षांत कापड ठिसूळ होतं. मेहनतीचं चित्र असं वाया जाऊ नये म्हणून आधी अस्तर द्यावं लागतं. भिंतीला पेंटर प्रायमर मारतो, तसं कॅनव्हासला 'जेसो' लावतात.

जेसो म्हणजे काय?
ॲक्रेलिक जेसोमध्ये पांढरा रंग, खडूसारखी बारीक पूड आणि त्यांना धरून ठेवणारं ॲक्रेलिक असतं. पुडीमुळे पृष्ठभाग किंचित खरखरीत होऊन रंग पकडतो. ॲक्रेलिकमुळे थर लवचिक राहतो. अस्तराची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतही खडकावर आधी मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग चित्रं काढली आहेत.

आधी खळ काढा
तयार कॅनव्हासला बहुतेक वेळा अस्तर दिलेलंच असतं, लेबल वाचून घ्या. स्वस्तात करायचं असेल तर जाड मांजरपाट चालतो. पण विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात, हे सोलापुरातल्या विणकर घरांना सांगायला नको. ती खळ कोऱ्या कापडात राहते आणि जेसोला नीट मुरू देत नाही. म्हणून कापड गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. वर पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच शोषला तर काम झालं. धुतल्यावर कापड आटतं, त्यामुळे चौकटीवर नंतरच ताणा. आधी चारही बाजूंचे मधले भाग ठोका, मग कोपऱ्यांकडे जा.

थर कसे द्यावेत?
- पहिल्या थरात थोडंसं पाणी घाला. जास्त पाण्याने थर कमजोर होतो.
- रुंद ब्रशने पहिला थर उभा, दुसरा आडवा द्या. दोन-तीन थर पुरेत.
- प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या, मगच पुढचा.
- गुळगुळीत हवं असेल तर मधे बारीक पॉलिश पेपर फिरवा. धूळ नाकात जाते, तोंडाला रुमाल बांधा.
- खडबडीत पोत हवा असेल तर शेवटचा थर पाणी न घालता द्या आणि ओला असतानाच जुना कंगवा किंवा पत्र्याची पट्टी फिरवा. फार जाड थर मात्र एकदम देऊ नका, तडकतो.
- ब्रश लगेच पाण्याने धुवा. वाळला की वाया गेला.

उन्हाळ्यात सकाळीच करा
आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. भर दुपारी जेसो लावता लावताच वाळतो आणि ब्रशचे वळ उमटतात. सकाळी, सावलीत, पंखा बंद ठेवून काम करा. वर ऑइल कलर लावायचा असेल तर शक्यतो तीन दिवस थांबा.

फेव्हिकॉलमध्ये खडूपूड कालवून केलेलं घरगुती अस्तर सरावाला चालतं. पण जे चित्र विकायचं किंवा जपायचं आहे, त्याला जेसोच लावा. अस्तर नीट असलं की वरचा महाग रंगही कमी लागतो.