चित्रपट पाहून परतताना

1911 च्या सुमारास मुंबईच्या गिरगावातील एका चित्रपटगृहातून भालचंद्र नावाचा मुलगा वडिलांबरोबर घरी आला आणि पडद्यावर हिंडणारी जनावरे पाहिल्याचे आईस सांगू लागला. घरात कोणाचाच विश्वास बसेना. तेव्हा वडिलांनी सर्व कुटुंबालाच तेथे नेले. या खेपेस मात्र जनावरांऐवजी येशू ख्रिस्ताचे चरित्र दाखविले जात होते. ते पाहता पाहता, आपल्या पुराणांतील व्यक्तीही अशाच पडद्यावर का दिसू नयेत, असा विचार वडिलांच्या मनात आला. हे वडील म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. 1913 साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, त्यात भालचंद्र रोहिदास झाला. आणि सरस्वतीबाईंनी फिल्मला छिद्रे पाडण्यापासूनची कामे शिकून घेतली.

एका सहकुटुंब सहलीतून एवढे निघाले. आपली सहल बहुधा मध्यंतरातील खाऊपाशी संपते.

कोणता चित्रपट पाहावा, याचा विचार घरून निघण्यापूर्वीच झालेला बरा. 2024 च्या नव्या नियमांनुसार पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावयाच्या चित्रपटांना सात, तेरा व सोळा वर्षे अशी वयाची खूण दिली जाते. ती पाहावी, परंतु आपले मूल कशाला भिते, हे त्या खुणेपेक्षा आईस अधिक ठाऊक असते. अंधारात मुलाच्या डोळ्यांत पाणी आले, तर त्यास हसू नये. हसलेले मूल पुढे काही सांगेनासे होते.

खरे शिक्षण परतीच्या वाटेवर घडते. तेथे मात्र आपण पालक हटकून चुकतो. रिक्षात बसतो न बसतो तोच, "मग, काय शिकलास?" असा प्रश्न येतो आणि बिचाऱ्या मुलाच्या पुढ्यात परीक्षेची उत्तरपत्रिका पडते. त्यापेक्षा गप्प बसावे. थोड्या वेळाने मूलच बोलू लागते.

गेल्या वर्षी एका सभागृहात परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा 2009 चा चित्रपट दाखविला गेला. फाळक्यांच्या त्या पहिल्या धडपडीचीच ती कथा. आम्ही घरातील सर्वजण गेलो होतो. परतताना नऊ वर्षांच्या मुलीने हरिश्चंद्राची मूळ गोष्ट विचारली. आजीने ती सांगितली. राजाने दिलेला शब्द पाळण्यासाठी तारामतीला व रोहिदासाला विकले, येथवर गोष्ट आली आणि मुलगी थांबली. "शब्द राजाने दिला होता ना? मग विकले राणीला का? तिला विचारले होते का?"

"मोठ्यांच्या गोष्टींत असे विचारू नये," असे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. ते गिळून मी म्हटले, "मलाही याचे चांगले उत्तर सापडलेले नाही." काही पावले कोणीच बोलले नाही. मग आजी हळूच म्हणाल्या, "लहानपणी मलाही हेच वाटे. पण विचारणार कोणाला?" त्या रात्री जेवणे होईपर्यंत तारामतीचाच विषय चालला होता. सत्यवचनाची थोरवी कोणी नाकारली नाही. परंतु ती कोणाच्या जिवावर पाळावी, हे नातीने आजीला विचारले आणि आजीने ऐकून घेतले.

दुसरा प्रश्न सोपा निघाला: चित्रे हलतात कशी? ती हलत नाहीतच. सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे डोळ्यांपुढून सरकतात आणि आपणांस अखंड हालचाल भासते. वहीच्या कोपऱ्यांवर चेंडू थोडा थोडा सरकवून काढावा आणि पाने भरभर सोडावीत, म्हणजे मुलास हे पटते. फाळक्यांनी स्वतः भांडवल मिळविण्यासाठी कुंडीत वाटाणे पेरून त्यांची वाढ महिन्याहून अधिक काळ कॅमेऱ्याने टिपली होती. बी फुटून वेल होईपर्यंतचा प्रवास पडद्यावर जेमतेम मिनिटाभरात दिसला. आज हा प्रयोग घरच्या मोबाईलवरही करता येतो. कुंडी व कॅमेरा यांची जागा तेवढी बदलता कामा नये.

आमच्या गॅलरीतील वाटाण्याला सध्या चार पाने आहेत. छायाचित्र सकाळी सातलाच काढावे लागते; आठनंतर कुंडीवर गजांची सावली पडते. हा शोध मुलीचा. कुंडी हलवायची नाही, हा हुकूमही तिचाच, आणि तो आजींनाही लागू आहे.