स्लरी भिंत, खाणभूमीची
स्लरी भिंत, खाणभूमीची : भूजलाचा आडवा प्रवाह अडविण्यासाठी जमिनीत खोल व अरुंद चर खणून त्यात घातलेल्या जवळजवळ अपार्य पडद्यास स्लरी भिंत म्हणतात. पाणी व बेंटोनाइट ही मृत्तिका यांच्या पातळ राबडीने (स्लरीने) चर सतत भरलेला ठेवतात, यावरून हे नाव पडले. वाळू-गोट्यांच्या संपलेल्या खाणींचे जलाशयांत रूपांतर करण्यासाठी तिचा उपयोग होतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात साउथ प्लॅट नदीकाठी अशा अनेक भिंती बांधण्यात आल्या आहेत.

आवश्यकता : नदीकाठचा गाळथर खणल्यावर भूजल उघडे पडून त्याचे बाष्पीभवन होते. कोलोरॅडोत प्रथम वापर करणाराचा पाण्यावरील हक्क अग्रक्रमाचा मानतात. त्यामुळे ही घट जुन्या हक्कदारांना भरून द्यावी लागते. ३१ डिसेंबर १९८० नंतर भूजल उघडे करणाऱ्या खड्ड्यांना १९८९ च्या कायद्याने हे बंधन लागू झाले. भिंतीने खड्डा भूजलापासून विलग केल्यास हे दायित्व टळते व त्यात साठविलेल्या पाण्याचा स्वतंत्र हिशेब ठेवता येतो.

बांधणी : सु. ०·६ ते १ मी. रुंदीचा चर लांब बाहूच्या खोदयंत्राने खणतात. राबडीची पातळी भूजलपातळीपेक्षा वर राखल्याने तिच्या दाबामुळे चराच्या बाजू ढासळत नाहीत. तसेच बाजूंवर बेंटोनाइटाचा पातळ थर बसतो. चर खालच्या शेल वा मृत्पाषाणात सु. ०·६ ते १ मी. रुतवितात. नंतर उकरलेली माती, राबडी व कोरडे बेंटोनाइट यांचे सरबरीत मिश्रण चरात भरतात. ते मंद उताराने पुढे सरकत राबडीला बाजूस सारते. पहिला भरणा नळीने तळाशी सोडतात. तो वरून ओतल्यास त्यातील घटक अलग होतात व राबडीचे कप्पे अडकून राहतात.

गुणवत्ता नियंत्रण : राबडीची श्यानता मार्श नरसाळ्याने मोजतात. एक क्वार्ट (सु. ०·९५ लि.) शुद्ध पाणी त्यातून २६ सेकंदांत गळते, तर योग्य राबडीस सु. ४० सेकंद लागतात. तिची घनता व तीतील वाळूचे प्रमाणही तपासतात. चराची खोली वजन बांधलेल्या दोरीने ठराविक अंतरांवर मोजतात आणि बाहेर आलेल्या तुकड्यांवरून तळखडक लागल्याची खात्री करतात. भरण्यापूर्वी खोली पुन्हा मोजतात. ती कमी भरल्यास तळाशी वाळू साचली असे समजून ती काढून टाकतात. भरण्याच्या मिश्रणाचा अवपात १० ते १५ सेंमी. असावा लागतो व त्याची घनता राबडीपेक्षा दर घ.मी.ला सु. २४० किग्रॅ.ने अधिक ठेवतात. प्रयोगशाळेत त्याची पार्यता सामान्यतः सेकंदाला १ सेंमी.च्या एक कोट्यंशाइतकी अपेक्षितात.

तथापि नमुने निर्दोष असूनही एखाद्या ठिकाणी रुतवणी अपुरी राहिल्यास किंवा वाळूचा पट्टा आत अडकल्यास सर्व भिंत निरुपयोगी ठरू शकते. म्हणून पूर्ण झालेल्या भिंतीचीच परीक्षा घेतात. कोलोरॅडोच्या राज्य अभियंत्यांनी ऑगस्ट १९९९ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक नियमांनुसार खड्डा रिकामा करून ९० दिवस आत येणारे पाणी मोजतात; पाऊस व बाष्पीभवन हिशेबात धरतात. भिंतीच्या दर चौ. फुटास दिवसाला ०·०३ घ. फूट व तळाच्या दर चौ. फुटास ०·००१५ घ. फूट एवढा पाझर संकल्पात मान्य असतो. उदा., १,००० फूट बाजूचा चौरस व ३० फूट खोल खड्डा असल्यास भिंतीतून ३,६०० व तळातून १,५००, असा एकूण ५,१०० घ. फूट (सु. १४४ घ.मी.) पाझर चालतो. मर्यादा ओलांडल्यास गळतीची जागा शोधून दुरुस्ती करावी लागते.

परिणाम : भिंतीमुळे प्रवाहाच्या वरच्या बाजूस भूजल चढते व खालच्या बाजूस उतरते. परिणामी एकीकडे तळघरांत पाणी शिरण्याचा, तर दुसरीकडे उथळ विहिरी आटण्याचा संभव असतो. यास्तव आधीपासून निरीक्षण-कूपांतील पातळ्या नोंदवितात व जरूर तेथे भिंतीभोवती निचरा-नळ घालतात. खाणचालकाने राज्याकडे ठेवलेली आर्थिक हमी पुनरुद्धारण मान्य झाल्यावरच मुक्त होते.