पोलीस भरतीतील वैद्यकीय अपात्रता : दाद कुठे आणि कशी मागावी?



चार एकर उसावर दोन भावांचं भागत नाही, हे आता कुणाला सांगायला नको. म्हणून तर पहाटे अंधारात सडकेनं धावणारी पोरं-पोरी आपल्या कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक गावात दिसतात. मैदान निघतं, लेखी परीक्षा निघते, यादीत नाव लागतं, पेढे वाटून होतात. आणि मग वैद्यकीय तपासणीत एका ओळीचा शेरा पडतो, 'अपात्र'. असा कागद घेऊन सभासद आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "आता काही होतं का?"

होतं. पण दरवेळी होत नाही, आणि उशीर केला तर बहुधा होतच नाही. म्हणून हा विषय नीट समजून घेणे जरूर आहे.

पहिली गोष्ट, मोजमाप आणि वैद्यकीय तपासणी या दोन वेगळ्या बाबी आहेत. पोलीस शिपायासाठी पुरुषांना १६५ सेंटिमीटर आणि महिलांना १५५ सेंटिमीटर उंची लागते. पुरुषांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर हवी व ती ५ सेंटिमीटर फुगली पाहिजे. राज्य राखीव पोलीस दलाला पुरुषांची उंची १६८ लागते. म्हणजे १६६ भरणारा मुलगा जिल्हा पोलिसांत चालेल, पण जालन्याच्या राखीव दलात चालणार नाही. यात कुणाचा दोष नसतो. मापाबद्दल शंका असेल तर त्याच जागी, त्याच दिवशी फेरमापाची लेखी मागणी करावी. घरी येऊन मोजलेल्या उंचीला पुढे कुणी विचारीत नाही.

वैद्यकीय तपासणी निवडीनंतर होते. त्यात नजर, रंग ओळखणे, ऐकू येणे, गुडघ्याला गुडघा टेकणे, तळपाय सपाट असणे, पायाच्या शिरा फुगणे अशा गोष्टी पाहतात. रंगांधळेपणाचंच घ्या. ठिपक्याठिपक्यांच्या चित्रातला आकडा वाचायला लावतात. हा दोष बहुतेक आईकडून मुलाकडे येतो, मुलींत फार कमी आढळतो आणि औषधाने जात नाही. शेतात जन्म गेला तरी पोराला तो कळत नाही. कळतो तो थेट तपासणीच्या खोलीत, चार वर्षांची मेहनत झाल्यावर.

आता न्यायालय काय बघतं? आमच्या काही सभासदांची समजूत अशी, की खाजगी डॉक्टरचा 'तंदुरुस्त' दाखला जोडला की काम झालं. तसं नाही. न्यायाधीश स्वतः डॉक्टर होत नाहीत आणि सरकारी वैद्यकीय मंडळाचं मत सहसा बाजूला सारत नाहीत. ते बघतात ते एवढंच : तपासणी योग्य तज्ज्ञाने केली का? दाखवलेला दोष भरतीच्या नियमांत खरोखर आहे का? कारण लेखी कळवलं का? फेरतपासणीची संधी दिली का? आणि त्या दोषामुळे ते काम खरंच करता येत नाही का?

शेवटच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली महत्त्वाचा निकाल दिला. एका सार्वजनिक महामंडळातील रोजंदारी कामगाराला एचआयव्हीची लागण आढळली म्हणून कामावरून दूर केले होते. माणूस काम करायला समर्थ असेल आणि इतरांना त्याच्यापासून धोका नसेल, तर केवळ लागणीच्या कारणाने त्याची रोजी हिरावता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढे २०१७ साली याबाबत कायदाच झाला.

पोलीस भरतीतलं एक प्रकरण तर आपल्या धंद्याच्या अगदी जवळचं आहे. ऊसतोड मजुरांच्या एका मुलीने २०१८ साली नाशिक ग्रामीण पोलीस भरतीत अर्ज केला. ती परीक्षेत उतरली. वैद्यकीय तपासणीत मात्र तिला जन्मतः गर्भाशय नसल्याचे आढळले आणि पुढच्या गुणसूत्र तपासणीत ती पुरुष ठरवली गेली. मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून शिकली, दाखल्यावर मुलगी. हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हते. नोकरी नाकारली गेली. ती उच्च न्यायालयात गेली. मे २०२२ मध्ये न्यायालयाने म्हटले, की यात तिचा कोणताही दोष काढता येत नाही. सरकारनेही सहानुभूतीची भूमिका घेतली आणि पोलीस खात्यातच, पण शिपाई सोडून दुसऱ्या पदावर तिला घेण्याची तयारी दाखवली. त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली गेली.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकायच्या. दाद मागितली म्हणून दार उघडलं, ही एक. चार वर्षे गेली आणि अंगावर यायची होती ती शिपायाची वर्दी आलीच नाही, ही दुसरी. लढा न्याय्य असला तरी त्याची किंमत घरात सगळ्यांनी मिळून समजून घ्यावी.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. अपात्र ठरवल्याचं कारण लेखी मागून घ्यावं. मिळालं नाही तर माहिती अधिकारात स्वतःच्या तपासणीचे कागद मागावेत. त्याला ३० दिवसांची मुदत आहे. लगेच फेरतपासणीचा अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. सोबत त्या आजाराच्या तज्ज्ञाचा दाखला जोडावा. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत असा दाखला देताना, 'उमेदवार आधी अपात्र ठरला आहे हे माहीत असून मी हे मत देत आहे', असा उल्लेख डॉक्टरने करावा लागतो. आपल्याकडेही तसं लिहून घेतलेलं बरं. दाखल्याला वजन येतं.

एवढ्याने भागलं नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे 'मॅट'. ते १९९१ पासून आहे आणि त्याचं खंडपीठ आपल्या छत्रपती संभाजीनगरातच आहे. राज्य सरकारच्या नोकरभरतीचे वाद आधी तिथे न्यावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निकालाप्रमाणे त्यानंतर उच्च न्यायालयात जाता येतं, आणि त्याचंही खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ पासून इथेच बसतं. मुंबईला खेटे घालायची गरज नाही. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल अशा केंद्राच्या दलांची प्रकरणे मात्र मॅटकडे चालत नाहीत. तिथे आधी दलाची फेरतपासणी आणि मग उच्च न्यायालय.

मॅटमध्ये अर्जाची मुदत अंतिम आदेशापासून १ वर्ष आहे. पण वर्षभर थांबू नका. प्रशिक्षणाची तुकडी निघून गेली आणि जागा भरल्या, की जिंकूनही हातात फारसं काही राहत नाही. अर्जासोबतच एक जागा रिकामी ठेवण्याचा अंतरिम आदेश मागावा. वकिलाच्या फीची काळजी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १९८७ च्या कायद्याने उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. 'मेडिकल करून देतो' म्हणणाऱ्या दलालाला मात्र उंबरठा ओलांडू देऊ नये. त्यात पैसाही जातो आणि खरी बाजूही खोटी पडते.

सर्वांत महत्त्वाचं शेवटी. पोरगं धावायला लागायच्या आधीच त्याचे डोळे, कान, पाय एकदा सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. लागण करण्यापूर्वी आपण माती तपासतो, बेणं पारखतो. लेकराच्या चार वर्षांच्या मेहनतीसाठी एक सकाळ काढणं काही जास्त नाही.

कळावे.